भाड्याच्या खोलीतली ऊब

अण्णा,

थंडी पडली आहे. नगरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, कोरडी, ओठ फोडणारी. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, नवरा-बायको आणि तीन महिन्यांचं बाळ. ती मुलगी काल माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, खोली गरम करायला तारांचा हीटर घेऊ की तेलाचा? मालक आमच्या मीटरला जास्तीचा दर लावणार म्हणतात. कशाचं बिल कमी येतं हो?" गुडघे ठणकत होते, ह्यांच्या औषधाची वेळ झाली होती, आणि आजकाल एखाद्या गोष्टीचा नीट विचार करायचा म्हटलं की आधीच दमायला होतं. "दुकानदाराला विचार," म्हणून मी तिची बोळवण केली. ती जिना चढून गेली आणि मग मात्र मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवेना. तुम्ही असतात तर तिला बसवून घेतलं असतंत. आधी हीटरच्या पाठीमागे किती वॉट लिहिलंय ते वाचून ये, मग बोलू, असं म्हणाला असतात.

माझी मुलगी झाली तो दुष्काळाचा हिवाळा होता. दिल्ली गेटाच्या आतल्या बोळात, घरमालकांच्या घरामागे आमच्या दोन खोल्या. हे जामखेडच्या बाजूला दुष्काळी कामावर देखरेखीला, खडी फोडणाऱ्या माणसांच्या हजेऱ्या घेत तंबूत राहत होते, सवड मिळेल तेव्हा घरी यायचे. आई जाऊन दोन वर्षं झालेली. माझं बाळंतपण करायला बाईमाणूस कुणीच नव्हतं, म्हणून बेलापूरच्या आडत दुकानातून तुम्ही आलात. जन्मभर तिथे दिवाणजी म्हणून बसलेला माणूस, पिशवीत दोन धोतरं, चष्म्याचं घर आणि डिंकाचे लाडू घेऊन दारात उभा. लाडू तुम्ही स्वतः वळले होते. काही फुटले होते, काही दगडासारखे झाले होते. मला हसू आलं आणि मग रडू आलं. तुम्ही दोन्हीकडे दुर्लक्ष करून चूल कुठे आहे ते विचारलंत.

मुलगी महिनाभर आधीच झाली. तळहाताएवढं तोंड, पाठीवर बारीक लव, रडणं मांजरीच्या पिलासारखं. दवाखान्यातल्या सिस्टरनं घरी सोडताना बजावलं, "हिला ऊब सुटता कामा नये. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही, धुरानं गुदमरेल." बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवायचे एवढंच आपल्याकडे सगळ्यांना माहीत. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानासमोर डबे रांगेत लावून माणसं सकाळपासून बसायची, आणि स्टोव्हच्या वासानं बाळाला खोकला यायचा. उरली वीज. आणि वीज घरमालकांची. भाड्यात दोन दिवे धरलेले, त्यापलीकडे काही लावायचं नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ते पलटणीतून निवृत्त झालेले. आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या, त्यामुळे मी त्यांच्याशी बोलतानाच अर्धी व्हायचे.

तुम्ही बाजारात जाऊन कॉइलची शेगडी आणलीत. चिनी मातीची गोल थाळी, तिच्या खाचांतून फिरवलेली तार. संध्याकाळी लावली, तार लालभडक झाली, खोलीत पहिल्यांदा सुख वाटलं, आणि पाठोपाठ फट् असा आवाज होऊन सगळं घर अंधारात गेलं. पुढच्या घरातून घरमालक कंदील घेऊन आले तेव्हा जळक्या रबराचा वास अजून हवेत होता.

"दिवानजी, म्या सांगितलं हुतं का न्हाई? शेगडी लावायची न्हाई म्हनून?"

"सांगितलं होतंत," तुम्ही म्हणालात.

"मग? वायर जुनी हाय, वर समदं लाकूड हाय. उद्या पेट घेतला तर कुठं जायचं आमी?"

तुम्ही मान खाली घातलीत. तुम्हाला कुणी आवाज चढवून बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ते गेल्यावर मी म्हणाले, "राहू द्या अण्णा. नशिबात असेल तर जगेल." तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत ती मला आजही सहन होत नाही. "नशिबाची भाषा माझ्यासमोर बोलू नकोस," तुम्ही म्हणालात. "तू तिला दूध पाज. ऊब कुठून आणायची ते मी बघतो." आणि कोपऱ्यातल्या घोंगडीत तिला गुंडाळून माझ्या कुशीत दिलंत.

सकाळी तुम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलात. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बिलातला आमचा वाटा आम्ही देऊ, असं तुम्ही म्हणालात. ते म्हणाले, "बिलाचं न्हाई वो एवढं. आगीचं भ्या हाय. आमच्या गावाकडचं घर जळालेलं म्या डोळ्यानं बघितलंय." तुम्ही विचारलंत, "बरोबर आहे तुमचं. ही वायर किती सोसेल ते तरी कुणाला विचारू या का?" मला वाटतं, त्यांचं बरोबर आहे असं तुम्ही म्हणालात म्हणूनच ते उठले. ओळखीच्या वायरमनला घेऊन आले. त्यानं वर चढून पाहिलं आणि सांगितलं की मागच्या खोल्यांत दिव्याशिवाय काही चालणार नाही. घरमालकांच्या पुढच्या खोलीत मात्र नवी वायर आहे, तिथे काहीही लावा.

मग तुम्ही दोघांनी जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. घरातलं सगळं बंद करून तुम्ही दोन म्हातारे मीटरसमोर उभे. आधी पुढच्या खोलीत शेगडी लावली. मीटरमधली चकती गरगरा फिरायला लागली. "आरं आरं, बंद करा, उधळली ती!" घरमालक ओरडले. मग पाण्यात बुडवायचा रॉड लावून बघितला. चकती तशीच पळत होती, पण पाणी लवकर तापलं आणि बटण लगेच बंद करता आलं, ते पाणी रबरी पिशवीत भरलं की दुपारभर कोमट राहायचं. शेवटी शंभर वॉटचा दिवा. त्यांनी वाकून वाकून पाहिलं. "ही तर गाभन म्हशीवानी चालती," ते म्हणाले. तुम्ही मला समजावून सांगितलंत की शेगडी तासाभरात जेवढी वीज खाते तेवढ्यात हा दिवा दहा तास जळतो. सगळी खोली तापवण्याएवढी आपली ऐपत नाही आणि तशी गरजही नाही, बाळ जेवढ्या जागेत आहे तेवढीच तापवायची. मालकीणबाईंनी भाकरीची मोठी वेताची पाटी दिली. तिच्यात गोधडी, गोधडीत बाळ, दोन्ही अंगांना फडक्यात गुंडाळलेल्या पिशव्या, आणि वर सुतळीनं टांगलेला दिवा. मनगट पुढे धरून तुम्ही तो वर-खाली करत होतात. आईनं आमच्या दुधाची धार अशीच मनगटावर घेऊन पाहिली असेल. पिशव्यांचं पाणी मालकीणबाई त्यांच्याकडे रॉडवर तापवून द्यायच्या. त्याचे पैसे किती झाले आणि तुम्ही ते कसे दिलेत, हे तुम्ही मला कधीच कळू दिलं नाहीत.

पण धरणांतच पाणी नव्हतं. वीज जायची, आणि गेली की कधी येईल याचा भरवसा नसायचा. अशाच एका दुपारी दिवा गेला. पिशव्या निवलेल्या होत्या. मी पाजायला घेतलं तर बाळ तोंड उघडेना. ओठ निळसर झाले होते, पाय गार. मी किंचाळले. तुम्ही पाणवठ्यावरून हंडा घेऊन येत होतात, तो तिथेच दारात ठेवलात. तुम्ही सदऱ्याची बटणं काढलीत, बाळाचं अंगडं काढून तिला उघड्या छातीवर घेतलंत, वरून सदरा ओढलात आणि घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसलात. हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? मी विचारलं नाही. घरमालक सायकलवर टांग टाकून सिस्टरला आणायला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "भिऊ नगं पोरी."

सिस्टर आली, तिनं घोंगडीत हात घालून पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही आता अजिबात हलू नका." तुम्ही हलला नाहीत. मांडी अवघडली असेल, माशी नाकावर बसली तरी हात उचलला नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला घोंगडीतून चुळबुळ ऐकू आली, मग ते मांजरीच्या पिलाचं रडणं. सिस्टरनं तिला माझ्याकडे दिलं आणि ती ओढून ओढून दूध प्यायला लागली. तुम्ही उठून दारातला हंडा आत आणलात आणि म्हणालात, "आता पिठलं टाकतो."

त्यानंतर दिवा गेला की तुम्ही न बोलता बटणं काढायचात. होळीपर्यंत बाळाच्या मनगटाला वळी पडली, तुम्ही पिशवी भरलीत आणि बेलापूरला परत गेलात. निघताना घरमालकांनी तुमचा हात दोन्ही हातांत धरला होता. ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढे आहे, तिच्या घरात सगळीकडे वीज आहे, आणि ती माझ्यावर सारखी रागावते, की मी दिवे बंद करत तिच्या मागे फिरते. पुढे तुम्ही कायमचे गेलात ते वैशाखात. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं टॉवेलनं वारा घेत उभी होती.

हे कागद मी घडी करून ठेवून देईन, पोस्टात टाकायचे तरी कुठल्या पत्त्यावर? वरच्या मुलीला उद्या सकाळी बोलावून घेईन. खोली नको तापवू, बाळाची जागा तापव, एवढं तरी सांगता येईल. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. बाळाला छातीवर घेऊन तुम्ही भिंतीला टेकून बसायचात तेव्हा तुम्हाला वाटायचं मला झोप लागली आहे. मी जागी असायचे. डोळे किलकिले करून बघत असायचे. तुम्ही आम्हा भावंडांपैकी कुणाला कधी मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. आपली मुलगी वाचावी म्हणून माझा जीव टांगलेला होता हे खरंच, पण त्याच वेळी, अण्णा, मला तिचा हेवा वाटत होता.