किसन चढाचं नाव

मी कावेरी किसन घडशी, राहणार शारजा, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. डोकं ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. उद्या पोटाचं मोठं ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली. चुका काढत बसू नये.

१. गावचं घर आणि माझे दागिने मुलगी मनालीला. माझा दीर परेश याने त्यात तोंड घालू नये.

२. वाळवंटात टुरिस्ट फिरवायच्या दोन्ही गाड्या माझ्या नावावर आहेत. धंदा परेश बघतो. गाड्या त्यालाच, पण एका अटीवर.

मदाम गावाच्या पुढे रस्ता संपतो तिथे वाळूचा मोठा चढ आहे. पलीकडे टुरिस्ट लोकांचा पहिला कॅम्प पडला तेव्हा पाण्याचा टँकर न्यायला कुणी तयार होईना. आमचे मिस्टर टँकर घेऊन निघाले. टँकर रुतला. त्यांनी वाळू उपसून वाट केली आणि पाणी पोचवलं. ड्रायव्हर लोकांची रीत अशी, की जिथे ज्याची गाडी पहिली रुतते, तिथे त्याचं नाव. तेव्हापासून पठाण, मल्याळी, अरबी सगळे 'किसन चढ' म्हणतात. मिस्टर वारले तरी म्हणतात.

परेशने फोनच्या नकाशावर तिथे 'परेश पॉइंट' टाकलं. विचारलं तर म्हणतो, "वहिनी, दादा अडकला म्हणून ते नाव. कस्टमर हसतात."

मी म्हटलं, "अडकायला आधी पोचावं लागतं. तू त्यांनी केलेल्या वाटेने गेलास."

मनाली म्हणते, "आई, इट्स जस्ट अ पिन." जुने ड्रायव्हर गावी परतले की नकाशात असेल तेच खरं होणार, हे तिला कळत नाही.

तर अट ही: माझ्या दहाव्याच्या आत नकाशावर आणि जाहिरातीत 'किसन चढ' लागलं पाहिजे. नाही लागलं तर मनालीने गाड्या विकाव्या. खलास. तो रडला तरी ऐकू नये.

आत्ता तो टुरिस्ट सोडून परत आलाय, खाली हॉर्न वाजवतोय. उद्या सकाळी तोच मला गाडीतून हॉस्पिटलला नेणार आहे. तरी एक अक्षर बदलणार नाही.

३. माझ्या मेसची भांडी आणि शेगडी आमचा कुक मिथुन याला. त्याने मीठ कमी टाकावं.

४. किसन चढाच्या पुढचा चढ अजून बिननावाचा आहे. तिथे कुणी गेलेलं नाही. परेशने स्वतः गाडी घालावी. रुतली, तर त्याचं नाव खुशाल लागू दे. माझी हरकत नाही.

सही: कावेरी किसन घडशी

साक्षीदार:
जोसेफिन, शेजारीण, मूळ वसई
फहद, त्या कॅम्पचे मालक (सही अरबीत)

शारजा, १४ नोव्हेंबर २०२५