मोटारीत बसून मुजरा

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
पितृपंधरवडा, १९५१

तीर्थस्वरूप तुकोजीराव दाजींच्या पायी धाकट्या मेहुण्याचा, जगदेवचा दंडवत. उज्जैनची हवा तुम्हाला मानवली का? आक्काचे गुडघे कसे आहेत? तिचा भाऊ हातीपायी धड आहे, एवढं तिला आधी वाचून दाखवा आणि मगच पुढे वळा. तुम्हीही बसूनच वाचा.

आमचा रिसाला मोडला हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानंतर सरदार जयसिंहरावसाहेबांनी मला आपल्या पागेवर ठेवून घेतलं होतं. आता त्यांची जहागीरही जायची म्हणतात, म्हणून घोडे विकले. (माझी काळी घोडी मुरारच्या टांगेवाल्याने नेली. परवा बाजारात समोर आली, मी तोंड फिरवलं. तिनेही फिरवलं.) पागेच्या खोल्या दसऱ्यापर्यंत रिकाम्या करायच्या, राहणार फक्त एक जण, जो साहेबांची मोटार हाकील. आमच्या लष्कर पेठेच्या रस्त्यात सरदाराने स्वतः चाक धरणं कमीपणाचं, हे तुम्ही जाणताच. हिने तर भांडी पोत्यात भरायला घेतली होती. माझ्या बापाचा जीव याच खोलीत गेला, दाजी, ती सोडून या वयात जायचं कुठं? म्हटलं, बिगडलेले घोडे सरळ केले, मोटार काय चीज आहे!

चीज आहे, दाजी, बिलकुल आहे. मोटार विलायती, शर्यतीची, दोन माणसांपुरती, आणि इतकी ठेंगणी की गल्लीतली बकरी वरून आपल्याकडे बघते. इतर मोटारींना गेअरचा दांडा खाली असतो, हिला चाकाखालीच बोटभर खटका. तो एकावर, दोनावर, तिनावर, चारावर, नाहीतर मागे जायच्या उलटीवर ठेवायचा. पण ठेवला म्हणून काहीच होत नाही! डाव्या पायाचं पायडल दाबाल तेव्हा कुठे गाडी तो हुकूम मानते. (हे आपल्या नव्या मध्यभारत सरकारसारखं झालं. हुकूम उन्हाळ्याच्या राजधानीत इंदूरला निघतो, अंमल थंडीच्या राजधानीत ग्वाल्हेरला.) आणि पायडल तळापर्यंत दाबलं नाही तर ते उलट लाथ मारतं. जन्मात घोड्याची लाथ खाल्ली नाही, ती या लोखंडाची खाल्ली. साहेब वाड्याच्या पायरीवर उभे राहून शिकवत, आणि मी गाडी थांबवायला चाक छातीशी ओढून घेई, मांड्या आवळी, 'हो बेटा, हो' म्हणे. हळूहळू जमलं. खोटं सांगत नाही, जमलं.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. त्याच दिवशी पागेची जागा मोजायला सरकारचे एक अंमलदार आले होते, ते अंगणात खुर्ची टाकून चहा घेत होते. मी छावनीतून निघालो, दौलतगंजाला वळसा घातला, एक सायकल, दोन म्हशी सुखरूप मागे टाकल्या आणि पायरीसमोर गाडी अशी उभी केली की साहेबांनी मान डोलावली. धन्याने मान डोलावल्यावर आपल्या घरचा माणूस काय करील? जे तीन पिढ्या केलं तेच. बसल्या जागी वाकलो आणि गुडघ्यापासून कपाळापर्यंत हात नेत तीन मुजरे घातले. त्यात हात लागून खटका कुठे सरकला ते देवाला मालूम. साहेब म्हणाले, आणखी एक फेरी मार. मी फाटकाकडे नजर लावून पायडल दाबलं, आणि अरे दादा रे, फाटक माझ्यापासून दूर पळायला लागलं! मागे चहाचं टेबल गेलं, खुर्ची गेली, गवताच्या गंजीत शिरून गाडी थांबली. अंमलदार रिकाम्या गव्हाणीत चढून उभे, हातात नुसती बशी. "ये गाड़ी है कि तोप?" म्हणाले. कुणाला खरचटलं नाही, ही आईची कृपा. साहेब धावत आले. आणि मी काय केलं असेल? पुन्हा मुजरा घातला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "जगदेव, खोली सोडू नकोस. पण आजपासून मुजरा बंद. गाडीत नाही, घरात नाही. ते दिवस गेले आता."

रिसाला मोडला तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी गंजीआड जाऊन रडलो. माणसाला नोकरीवर ठेवायचं आणि वाकायचं नाही म्हणायचं, ही कुठली रीत? हिला कळेना, घर राहिलं तर हा रडतो का. तिने भांडी पुन्हा फळीवर लावली. असो. तर आता मी सरदारांच्या मोटारीवर आहे, हे आक्काला अभिमानाने सांगावं. मुलांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

आपला,
जगदेव

ता. क. 'मोटारीवर आहे' म्हटलं ते खरं, पण चाक साहेबच धरतात. मी शेजारी ड्रायव्हरची टोपी घालून बसतो. चाक धरणारा तो नोकर आणि शेजारचा धनी असं समजून बाजारातले लोक मलाच रामराम करतात. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होतं. आक्काला हे वाचून दाखवू नका.

ता. क. दुसरा. दसऱ्याला याच. फाटकाशी आता पहारा नाही, कुणीच नाही. तरी तिथे आलं की साहेब गाडी हळू करतात, मुजरा घ्यायला एक हात अर्धा उचलतात, आणि समोर कुणी नाही म्हणून पगडी नीट करतात. रोज. शेजारी बसून मला ते बघवत नाही. मला मनाई आहे, दाजी, तुम्हाला कुणी केलेली नाही. पागोटं बांधून या, आणि फाटकाशी उभे राहा.