नसलेल्या पानाचा पुरावा

प्रति,
मा. आक्षेप अधिकारी,
तांत्रिक प्रवेश परीक्षा कक्ष, बेळगाव.

विषय : भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील अभ्यासक्रमाबाहेरच्या सात प्रश्नांबाबत (चौथा अर्ज).
संदर्भ : आक्षेप अमान्य केल्याचे आपले ९ जूनचे पत्र.

महोदय,

१. मी निपाणीच्या एका पी.यू. (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात एकोणीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो. यंदाच्या साठ प्रश्नांपैकी सात प्रश्न अभ्यासक्रमातून वगळलेल्या भागावर होते. त्यांतले चार एकट्या पोटेन्शिओमीटरवर. प्रश्न अवघड नव्हते. तारेची लांबी दिलेली, व्होल्टता काढायची. उपकरण हाताळलेल्याला मिनिटाचे काम. माझ्या मुलांनी ते पाहिलेलेही नाही.

२. पहिल्या अर्जासोबत वगळल्याचे परिपत्रक जोडले होते. ते शिकवण्यापुरते आहे, परीक्षेला लागू नाही, असे उत्तर आले. पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकातील संबंधित पान मागवण्यात आले. जो भाग पुस्तकात नाही त्याचे पान नसते, म्हणून दुसऱ्या अर्जासोबत पुस्तकाचे दोन्ही खंड पाठवले. 'संबंधित ओळी अधोरेखित नाहीत' या शेऱ्यासह ते परत आले.

३. तिसऱ्या अर्जासोबत, काय वगळले ते दिसावे म्हणून, जुन्या आवृत्तीतले पान अधोरेखित करून जोडले. ही माझी चूक. अर्जदाराने स्वतः जोडलेल्या पानावर हा भाग स्पष्ट आढळतो, सबब आक्षेप अमान्य, असे आपण कळवले. मदत केंद्रातील बाई फोनवर म्हणाल्या, "सर, पान तुम्हीच लावलंय न्हवं? आता आमी काय करायचं?"

४. माझी विद्यार्थिनी प्रणिता हिची सरकारी कॉलेजातली जागा तीन गुणांनी हुकते आहे. तिने हे सातही प्रश्न कोरे सोडले. चुकीला गुण कापत नाहीत, अंदाजाने तरी खूण करायची, असे म्हणून मी तिला रागावलो. "सर, जे शिकवल्यालंच न्हाय त्येला खूण कशी करू?" असे ती म्हणाली.

५. तरी या सात प्रश्नांचे गुण सर्व परीक्षार्थींना द्यावेत, ही विनंती. प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय भरण्याची मुदत २४ जूनला संपते. तोवर निर्णय होणार नसेल तर प्रणिता पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसेल. तिचे वडील धनपाल अण्णा काल घरी येऊन विचारून गेले, "सर, पुढच्या सालाला कुठलं पुस्तक आणू?" त्यांना मी अद्याप उत्तर दिलेले नाही. ते आपण लेखी द्यावे.

आपल्या पत्राच्या प्रतीक्षेत,
शामू भरमू मुतगेकर
निपाणी, १६ जून २०२५

सोबत : सात प्रश्नांची यादी, या अर्जाची कन्नड प्रत.