जनरेटरच्या मागचं जेवण

मंगळवार, संध्याकाळ

आज रिसॉर्टवर कर्मचाऱ्यांना खूश ठेवायचा कार्यक्रम झाला. मुंबईहून आलेल्या बाईंनी सगळ्यांना फुगे फुगवायला लावले. मॅनेजर म्हणून मीही एक फुगवला. लाल. मग बाईंनी विचारलं, कामावर आणखी आनंद कशाने होईल? सगळे आपापल्या फुग्याशी चाळा करत बसले. शेवटी खोल्या साफ करणारी वंदनाताई उठली. "मॅडम, आमाला डबा हितं आत बसून खाऊ द्या."

बाईंना कळलं नाही. मला कळलं. सुकटीचा वास पाहुण्यांपर्यंत जातो म्हणून मालकांनी स्टाफरूममध्ये सुकी मासळी बंद केली. तेव्हापासून सगळे जनरेटरच्या मागे उभ्याने जेवतात. आमच्याच रेस्टॉरंटात दिवसभर पापलेट तळतात, त्याचा वास मात्र कुणाला येत नाही. हे मालकांना विचारायचं राहून गेलंय. राहून गेलंय, की मीच टाळतोय?

बाई "छान सूचना" म्हणाल्या आणि पुढचा खेळ सुरू केला. वंदनाताई फुगा मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसली. रागाने नाही, नुसतीच.

सुकट माझ्याही डब्यात असते. आई देते. मी दुपारी गाडीत काचा वर करून जेवतो. कुणाला माहीत नाही, असं आजपर्यंत वाटत होतं.

निघताना वंदनाताईने तिचा फुगा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमचं बरं हाय साहेब. गाडीत एसी तरी हाय."