एसिल तुमच्याकडे वाहते

१२ एप्रिल १९५७

थोरल्या वन्संना काम्शातचा सलाम.

अल्लाह तुमचं घर सुखात ठेवो. सासूबाई चहा घेतात, मोजकं बोलतात. गाय व्याली, कालवड झाली. काटकसरीने पीठ मेअखेर पुरेल.

तुमच्याकडे नदीवरचा बर्फ अजून घट्ट असेल. आमच्याकडे परवा फुटला. एसिल दक्षिणेकडून येते, म्हणून वसंत आधी आम्हाला, मागाहून तुम्हाला. त्यात ती गाभण गाईसारखी रेंगाळते, वळणावळणावर बसते. आगगाडीने हे पत्र तिच्या आधी पोचेल, असा मी हिशेब केला आहे.

पलीकडच्या काठावर आमची गवताची शेवटची गंजी राहिली होती. नदीच्या बर्फावरचा घोड्यांच्या घसरगाड्यांचा रस्ता दाबून दाबून घट्ट होतो, सगळ्यात शेवटी वितळतो. इथे सगळे त्याच्यावरच विसंबतात. तरी मी म्हटलं, "वरच्या गावांत पाणी सुटलंय म्हणतात. नका जाऊ."

तुमचे भाऊ हसले. "अगं, हा रस्ता आमच्या आईच्या शब्दापेक्षा पक्का आहे!"

आतून सासूबाई ओरडल्या, "ये परत, मग दाखवते शब्द!"

वरून रस्ता पक्काच होता. वरच्या गावांचं पाणी त्याला खालून खात आलं होतं. घोडा तेवढा बाहेर आला.

वन्सं, अशी बातमी लिहायची नसते. जाणत्या माणसाने घरी येऊन, आडवळणाने सांगायची असते. पाठवायला तसं माणूस या घरात उरलं नाही.

देहाशिवाय जनाज्याची नमाज होत नाही, असं मुल्ला म्हणाले. मी अजून त्यांच्या वाटणीचं पीठ मळते. एवढी नासाडी मी कधी होऊ दिली नव्हती. नमाजात आधी माणूस मागत होते. आता देह मागते.

तुमच्या गावाखाली नदी वळते, तिथल्या उथळ काठावर वाहून आलेलं सगळं टाकते. तुमचा बर्फ सुटला की यजमानांना घेऊन तिथे रोज जा. कापसाच्या कोटाला डाव्या कोपरावर मी निळं ठिगळ लावलंय.

त्या दिवशी काठावरून मी नुसतं "अहो, अहो" ओरडत राहिले. बायकोने नाव घ्यायचं नाही ही आपली रीत. जीभ वळलीच नाही. तुम्ही थोरली बहीण. पाण्याशी उभ्या राहून त्यांना नावाने हाक मारा.

तुमची भावजय,
काम्शात