ज्याची ओवी त्यानं उचलायची

आत्याबाई,

गेल्या गुरुवारी आमच्याकडे पोथीला बसलेल्या बायकांत वाद झाला. एकीनं अध्यायातला दाखला देऊन दुसरीच्या सुनेला चांगलंच सुनावलं. मी सवयीनं म्हणाले, "ओवी दुसऱ्याच्या पदरात टाकायची नाही. ज्याची ओवी त्यानं उचलायची." मग एकीनं विचारलं, हे कुणाचं म्हणणं? मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचं. माझी नात तिथंच बसली होती. ती म्हणाली, "कुठल्या सासूबाईंचं?" बायका हसल्या, मीही हसले. मला दोन सासवा होत्या, पहिल्या तुम्ही, हे इथं मुरबाडात आता फारसं कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या सासूबाई फार भल्या होत्या, त्यांच्याकडून मी पापड शिकले. तुमच्याकडून काय शिकले ते नातीला सांगायला बसले, आणि लक्षात आलं की हे आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं.

तुमच्या घरी आले तेव्हा मी चौदा-पंधराची होते. वडील मुरबाडच्या शाळेत शिपाई होते, म्हणून मला चार इयत्ता शिकायला मिळाल्या. किन्हवलीच्या पुढं, शहापूर तालुक्याच्या त्या कोपऱ्यातल्या तुमच्या गावात तेव्हा सही करणारी एकही बाई नव्हती. लग्नातच कुणीतरी बोललं, "शिकलेली सून चुलीत काय पुस्तकं घालनार का?" तुम्ही हातातलं ताट खाली न ठेवता म्हणालात, "चुलीत घालायला लाकडं हायत. धनी गेल्यापासनं पोथी फडक्यात बांधून पडलीय, ती सोडाया सून आनली." तुमचा मुलगा शाळेच्या वाटेनं निघायचा आणि नदीवर पोचायचा, त्यामुळं अक्षरं त्याच्याही वाट्याला आली नव्हती. तुम्हाला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण सासऱ्यांनी वर्षानुवर्षं वाचलेलं सगळं तुमच्या कानात जसंच्या तसं होतं. मी एखादा शब्द गाळला की तुमची मान हलायची.

भाताची आवणी संपली, श्रावण लागला, की दुपारी पडवीत पोथी. आपण तिघी असायचो. तुम्ही, मी आणि शेजारच्या घरातल्या तुमच्या चुलतजाऊ, ज्यांना मी काकी म्हणायचे. पोथी चालू असताना हाताला काम नको, असा तुमचा दंडक होता. काकींचं पान कुटणं मात्र तुम्ही कधी बंद करू शकला नाहीत. थोडं वाचून झालं की तुम्ही हात वर करायचात. "थांब. काय ऐकू आलं?" मग प्रत्येकीनं सांगायचं, या ओव्यांतलं मला काय लागू पडतं. अर्थ सांगायचा नाही, पोथी कशी थोर आहे तेही सांगायचं नाही. आज सकाळी मी कुणावर ओरडले, कुणाला ताक नाही म्हणाले, त्यातलं कुठलं या ओव्यांत सापडलं, तेवढंच. घरातले कितीतरी निर्णय त्या पडवीत असे झाले. बैल विकायचा का, भावकीतल्या भांडणात साक्ष द्यायची का. तुमचं उत्तर तयार आहे आणि आम्हाला ते ओळखायचंय, असं कधी वाटलं नाही. तुम्हीही आमच्यासारख्याच चाचपडत बसलेल्या असायचात.

पहिल्याच वर्षी मी चूक केली. जिभेवर ताबा नसलेल्या माणसाबद्दल काही ओव्या आल्या. वाचता येतं याचा मला तेव्हा फार ताठा होता. मी काकींकडं पाहून म्हणाले, "हे काकींसाठी आहे." तुम्ही पोथी मिटायला लावलीत. "वाचाया येतं म्हनून पोथी तुझी झाली नाय. पोथी काय गोफन हाय, दगड घालून दुसऱ्यावर फिरवायला? दुसऱ्याच्या पदरात ओवी टाकायची नाय. ज्याची ओवी त्यानं उचलायची." माझे डोळे भरून आले. काकी पान चघळत म्हणाल्या, "टाकू दे गो तिला. माझ्या पदराला आधीच एवढी भोकं, ओवी ठरायची नाय." तुम्ही हसलात, पण पोथी त्या दिवशी पुन्हा उघडली नाही.

मग लढाईचे दिवस आले. मुंबईत बोटीवर माणसं घेत होते. तुमचा मुलगा भट्टीत कोळसा घालायच्या कामावर लागला. दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. मी ती तुम्हाला इतक्या वेळा वाचून दाखवली की शेवटी मी कागद न बघताच वाचायचे. नंतर कचेरीचा एक कागद आला. बोटीचा ठावठिकाणा लागत नाही, एवढंच त्यात होतं. बुडाली असं नव्हतं, माणसं गेली असंही नव्हतं. तुम्ही विचारलंत, "मेला असं लिवलंय का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं तर," म्हणालात आणि गोठ्याकडं गेलात. माझं कुंकू तसंच राहिलं. लढाई संपल्याची दवंडी झाली, बाहेर गेलेले काही परत आले. आपल्याकडं कुणी आलं नाही.

कागद आल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात माझा भाऊ मुरबाडहून आला. तिकडच्या शाळेतले एक मास्तर होते, विधुर, पदरात लहान मुलगी. ते पाट लावून मला बायको करून घ्यायला तयार होते. आपल्यात पाट लागायचे, त्यात नवल नव्हतं, पण ते विधवेचे. मी कोण होते? पंचांनी सरळ सांगितलं. एकतर बारा वर्षं वाट पाहा, नाहीतर मुलाच्या आईनं चारचौघांत सांगावं की मुलगा मेला. भाऊ उंबऱ्यात बसून म्हणाला, "मावशी, तुमी एक शबुद बोला, बस." तुम्ही त्याला जेवायला वाढलंत. शब्द बोलला नाहीत. माझं तेव्हा एकविसावं सरत होतं. बारा वर्षांचा हिशेब मनात करायचा नाही असं मी ठरवलं होतं, तरी तो व्हायचाच.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पोथी निघाली. क्रमानं येणारा अध्याय वनवासाचा. मी वाचते आहे. राजपुत्र निघतो, बायको त्याच्याबरोबर निघते, धाकटा भाऊ निघतो, आणि धाकट्याची बायको मागं राहते. पोथीत तिच्या वाट्याला दोन-चारच ओव्या. तुम्ही हात वर करता. मी थांबते. तुम्ही माझ्याकडं बघता, आणि आजवर कधी न केलेली गोष्ट करता. "ऐकलंस ना? चौदा वर्सं राह्यली ती घरात. तुजी तर तीनच झाली."

मी पानावरची नजर वर करत नाही. बाहेर ओढ्याचा आवाज तेवढा येतो आहे. काकींचं कुटणंही थांबलेलं. मग काकी म्हणतात, "वयनी, तिला ठावं होतं नवरा कुटं हाय ते. आन् कंच्या वर्साला परत येनार तेबी. हिला काय ठावं हाय?"

"आन् दुसरं," काकी म्हणतात, "आज ओवी कुनाच्या पदरात टाकलीस गो तू?"

तुम्ही उठून आत गेलात. पोथी मीच फडक्यात बांधली. त्यानंतर चार दिवस ती सोडली नाही. तुम्ही पहाटे भातातलं तण काढायला, बेणणीला जायचात आणि एकट्याच पुढच्या खाचरात वाकून राहायचात. मला वाटलं, मी या घरात आले ते पोथीमुळं, आणि आता पोथीमुळंच आपल्यात काहीतरी तुटलं. काकींना मी म्हटलंसुद्धा, "कशाला बोललात?" त्या म्हणाल्या, "मी नाय बोलले. तिनंच शिकवलंय, तिचंच तिला परत दिलं."

पाचव्या दिवशी तुम्ही काकींना स्वतः हाक मारून बोलावलंत. मला म्हणालात, पुढं नको, मागं जा. राणी वर मागते तिथून वाच. मी वाचू लागले. राजानं पूर्वी दिलेला शब्द, राणीनं तो आताच कसा काढला, आपल्या मुलासाठी राज्य मागितलं आणि दुसरीच्या मुलासाठी चौदा वर्षं. तुमचा हात वर गेला.

"ही मी," तुम्ही म्हणालात.

मला समजलं नाही. तुम्ही डोळे पोथीवरच ठेवून, एकेक शब्द सावकाश टाकत बोललात. "आजवर मी समजत व्हते मी दुसरी राणी. जिचा पोर गेला ती. रडनारी. सगळी ओवी मी तिचीच उचलली. पन माज्या पोराची वाट बघाया मी दुसरीची वर्सं मागतंय. तर मी कोन झाले?" मग माझ्याकडं वळून विचारलंत, "तुजी ओवी कंची? खरं सांग. माज्यासाठी नको सांगू."

मी म्हटलं, मागं राहिलेली ती, पण तिच्या मनातलं पोथीत काहीच नाही, म्हणून माझं काय ते मला कळत नाही. तुम्हाला सोडून जाववत नाही आणि इथं राहवत नाही. काकी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोथीत नाय तर आपनच लिवायला पायजे." तुम्ही म्हणालात, "लिवनारी हीच एक हाय आपल्यात."

तरी मेला असं म्हणायचं तुम्ही मान्य केलं नाही. भाऊ पुन्हा आला, त्यानं हात जोडले. मुखानं एकदा म्हणा, मनात काय ठेवायचं ते ठेवा. तुम्ही म्हणालात, एकीला सोडवायला खोटं बोलले तर पोथी कशाला ऐकली? पंच देवळासमोर बसले, तेव्हा ऊन उतरत होतं. बायका तिथं जात नसत. तुम्ही गेलात, मला आणि काकींना मागं घेऊन. मुख्य पंचांनी विचारलं, पोरगा मेला का? तुम्ही म्हणालात, "मला ठावं नाय."

"मग पाट कसा लागेल?"

"माज्या मनात तो जिता हाय. त्याची वाट मी बघनार, मरंस्तोवर बघनार. पन ती वाट माजी हाय. हिला त्या वाटंवर मी बसवनार नाय. ही मोकळी हाय, एवढं मी बोलते. खोटं मागू नका, देनार नाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "आन् म्हातारे, उद्या तो दारात येऊन हुबा राह्यला तर?"

"तर त्याला मी सांगन. त्याची आय मी हाय, तुमी नाय."

पंच बराच वेळ आपसांत बोलले. शेवटी सगळ्यांत वयस्कर होते ते म्हणाले, आईनंच मोकळं म्हटलं, तर बांधून ठेवणारे आपण कोण? आत्याबाई, पुढं मी पुष्कळ सभा पाहिल्या, ठराव ऐकले, मोठमोठी माणसं सत्यावर बोलताना ऐकली. मला आपलं दर वेळी ते देऊळ आठवतं, आणि नऊवारीचा काष्टा कसून, खोटं न बोलता आणि कुणालाही न बुडवता उभ्या राहिलेल्या तुम्ही. त्या दिवशी तुमच्या मागं उभी होते, याचा मला जितका अभिमान आहे तितका स्वतः केलेल्या कुठल्याही गोष्टीचा नाही.

मुरबाडला माझ्या पहिल्या मुलाचं बारसं होतं, तेव्हा तुम्ही चालत आलात, डोक्यावर नाचणीच्या पिठाचं गाठोडं घेऊन. ओटीवरच्या बायकांनी विचारलं, या कोण? तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "मी हिची पयली सासू." सगळ्या बघत राहिल्या. तुम्ही पाळण्यात वाकून मुलाच्या गालाला हात लावलात आणि माझ्या दुसऱ्या सासूबाईंना म्हणालात, "पोराला कान चांगले हायत. पोथी ऐकंल." त्या दोघी त्या दुपारी एकाच ताटातून सुपारी कातरत बसल्या होत्या. पुढं दोन पावसाळे तुम्ही आलात. तिसऱ्याला तुम्ही गेल्याचा काकींचा निरोप आला. तुमचा मुलगा आला नव्हता. तुम्ही शेवटपर्यंत, दारावरून पावलं वाजली की मान वर करायचात, असं काकींनी सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही असतात तरी मलाच येऊन ते तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि आता जे लिहिते आहे तिथं मी नक्की एक ओळ गाळली असती. तुमच्या घरी रोज तिन्हीसांजेला आपण दोघी दिव्यापुढं उभ्या राहायचो. तुम्ही मोठ्यानं म्हणायचात, "येऊ दे रे त्याला." माझे ओठ हलताना पाहून तुम्हाला वाटायचं, मीही तेच मागते. पहिलं वर्षभर तेच मागितलं. दुसऱ्या वर्षी नुसतं "कळू दे" म्हणू लागले. आणि भाऊ येऊन गेल्यावर, त्या शेवटच्या पावसाळ्यात, मी काहीच मागत नव्हते. फक्त ओठ हलवायचे. पडवीत तुम्ही माझी ओवी विचारलीत, खरं सांग म्हणालात, तेव्हा मी बाकीचं सगळं सांगितलं. एवढं सांगितलं नाही.