दोन पट्ट्यांची मूठ

४ फेब्रुवारी

बाबांच्या हातून त्यांचा जुना पुक्को आज पुन्हा पडला! काळा पाव कापत होते. गोल मूठ हातातल्या हातात फिरली आणि सुरी थेट जमिनीवर. नेमका आर्मास समोर बसलेला. बर्फात भोक पाडून मासे धरायला दोघं जन्मभर बरोबर गेले, त्यामुळे त्याला थट्टेचा परवाना.

"काय रे, तुझ्या लेकीनं, तुइरेनं, मुठीला लोणी लावलंय वाटतं!"

बाबा हसले. हात टेबलाखाली गेला. मग म्हणाले, "शनिवारी तू एकटाच जा तळ्यावर. माझी कंबर धरलीय."

कंबर कसली! हात थरथरतात. मला दिसतं, पण बोलायची सोय नाही. बोललं की दोन दिवस अबोला.

ठरलं. गिऱ्हाइकांना सुऱ्या करून देते, आता बाबांसाठी एक, हातात फिरणार नाही अशी चपटी, भरलेली मूठ असलेली करायची. बर्फ वितळायच्या आत बाबा तळ्यावर बसलेले दिसले पाहिजेत.

७ फेब्रुवारी

कुरळ्या रेषांच्या भूर्जाचा जपून ठेवलेला तुकडा उभा चिरला. दोन पट्ट्या झाल्या. पात्याची शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा भाग, रुंद ठेवून तिच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टी बसवायची, म्हणजे चपटेपणा आपोआप येतो.

बाबा शेडमध्ये डोकावले. झालं!

"पुक्कोची मूठ एका ठोकळ्याची असते, बाई. शेपूट आत, आरपार. दोन्हीकडून फळ्या मारायला ते काय खोकं आहे? त्यापेक्षा काटे-चमचे कर!"

"गिऱ्हाइकाला असंच हवंय."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"ओउलूचं."

तोंडाला आलं ते बोलले. ओउलूत मी कुणाला ओळखतसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी

पट्ट्यांवर माशाच्या खवल्यांची नक्षी कोरतेय, बोटं टेकतात तिथे दाट. दिसते छानच, पण खरं काम पकड देण्याचं.

"नवरी नटवतेयस का?" — बाबा. हूं म्हटलं आणि कोरत राहिले.

१६ फेब्रुवारी

उणे अठ्ठावीस. मूठ तयार होती. हातमोजा काढून बाहेर नेली, तळ्यावर आमिष लावताना धरतात तशी घट्ट धरली. दोन पट्ट्यांमधून शेपटीची पोलादी कड उघडी राहते ना — ती तळव्याला अशी चिकटली की सोडवताना कातडं निघालं.

बाबा खिडकीतून बघत होते. आत आल्यावर कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"शेपूट आत का लपवतात, कळलं?"

कळलं. ते बरोबर होते, मी चूक. याचा रागच आला, आणि तो पाण्याने जाईना.

१७ फेब्रुवारी

सोडणार नाही!

२५ फेब्रुवारी

सुचलं! दोन पट्ट्या ठेवायच्या, पण प्रत्येकीला आतून अर्धी खाच पाडायची. शेपूट साधी, अरुंदच. पट्ट्या मिटल्या की ती पूर्ण आत, बाहेर पोलादाचा मागमूस नाही. खिळेसुद्धा पितळेचे नकोत, रेनडिअरच्या शिंगाचे करायचे.

पहिल्या जोडीला खाच खोल गेली. दुसरीला चीर गेली. तिसरी शेगड्याच्या पकडीत आवळून ठेवलीय आणि जेवायला आलेय. बाबांनी माशाचं सूप माझ्यासाठी गरम ठेवलं होतं.

६ मार्च

झाली. जवसाचं तेल पाजलं तसा भूर्ज आतून उजळला. थंडीत धरून पाहिली, हाताला नुसतं लाकूड लागतं. ओल्या हातातही फिरत नाही.

पुक्को बाबांच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. खवल्यांवरून अंगठा फिरवला, सांधा नखाने शोधला, सापडला नाही.

"चांगली झालीय. पाठवून दे ओउलूला."

बस, एवढंच. आणि कमरेचा आपला जुना पुक्को चाचपत उठून गेले. त्याची मूठ आजोबांनी घडवलेली. त्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा.

सौनातल्या वाफेत बसून रडले. तिथे घाम कुठला नि डोळ्यांतलं पाणी कुठलं, कोण बघतंय! सरळ विचारायला हवं होतं का? पण बाबा सरळ विचारल्यावर कधी हो म्हणालेत?

८ मार्च

आर्मासचा फोन. बाबांनी त्याला सांगितलंय, कंबर अजून दुखतेय.

९ मार्च

सकाळी शेडमध्ये गेले, तर शेगड्याशेजारी बाबांचा पुक्को. मूठ नाही. आजोबांनी घडवलेली मूठ बाबांनी स्वतः ठोकून काढली होती. तुकडे फडक्यात बांधून बाजूला, आणि पातं उघड्या शेपटीसकट माझ्यापुढे.

बाबा दारात उभे होते. जवळ आले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. थरथरत होते. लपवले नाहीत.

"माप घे," म्हणाले. "ओउलूवाल्याला थांबायला सांग. पुढच्या शनिवारी मला आर्मासबरोबर जायचंय."